मला प्रमोशन नको

डिसेंबर २०१३ मधली भारतीय बँकप्रमुखांची यादी काढून पाहावी. स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी अरुंधती भट्टाचार्य, बँक ऑफ इंडियात विजयालक्ष्मी अय्यर, अलाहाबाद बँकेत शुभलक्ष्मी पानसे, युनायटेड बँक ऑफ इंडियात अर्चना भार्गव, महिनाभरापूर्वीच सुरू झालेल्या भारतीय महिला बँकेत उषा अनंतसुब्रमणियन. खासगी क्षेत्रात आयसीआयसीआयच्या चंदा कोचर आणि अ‍ॅक्सिसच्या शिखा शर्मा. परदेशी बँकांपैकी एचएसबीसीचा भारतातला कारभार नैना लाल किडवाई यांच्याकडे आणि जेपी मॉर्गनचा कल्पना मोरपारिया यांच्याकडे. ज्या देशात कारखान्याच्या फाटकापासून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत अधिकाराच्या खुर्चीत बहुतेक पुरुषच दिसतात, तिथे पैशाच्या तिजोरीपाशी एकाच वेळी इतक्या बायका कुठून आल्या, याचं जगालाही कुतूहल वाटलं.

मासिकांनी त्या सगळ्यांना मुखपृष्ठावर एका ओळीत उभं केलं आणि आतल्या लेखांत कारणं दिली. बाई मुळातच काटकसरी, जोखीम घेताना सावध, माणसं सांभाळणारी, वगैरे. वाचायला हे बरं वाटतं. पण पाच-सहा वर्षांत ही यादी ओसरली. स्टेट बँकेत भट्टाचार्य यांच्यानंतर रजनीश कुमार, दिनेश खारा आणि सी. एस. शेट्टी असे लागोपाठ तीन पुरुष अध्यक्ष झाले. आयसीआयसीआय आणि अ‍ॅक्सिसमध्येही खुर्ची पुरुषांकडे गेली. आता बायकांची काटकसर आणि सावधपणा पाच वर्षांत आटला, असं तर कोणी म्हणणार नाही. मग त्या गुणांमुळे त्या वर गेल्या होत्या, हेही म्हणता येत नाही. खरं कारण शोधायचं तर मुखपृष्ठावरून उठून तीस-पस्तीस वर्षं मागे, एखाद्या शाखेच्या काउंटरपलीकडे जायला हवं.

पहिला प्रश्न असा, की बँकाच का? सिमेंट, पोलाद, मोटारी, औषधं यांत बायका का नव्हत्या? याचं अर्धं उत्तर कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६६ व्या कलमानुसार बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात कामाला ठेवता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता. पण कारखानदारी कंपनीत वर जाणारा माणूस बहुधा उत्पादनातून जातो, आणि उत्पादनात शिरायचं तर तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. रात्रपाळीच नाही, म्हणजे शॉप फ्लोअर नाही. शॉप फ्लोअर नाही, म्हणजे पुढे वर्क्स मॅनेजर नाही. पुढे न्यायालयांनी आणि राज्य सरकारांनी हे कलम सैल केलं, पण तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या.

बँक मात्र दिवसा चालायची. शिवाय तिथली भरती परीक्षेने व्हायची. १९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शाखांचा नुसता पाऊस पडला. तेव्हा देशभरात व्यापारी बँकांच्या सुमारे ८,२०० शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. एवढ्या शाखांना माणसं लागणार होती आणि ती ओळखीपाळखीने नव्हे, तर लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून घ्यायची होती. परीक्षेतल्या मार्कांना लिंग नसतं. बी.ए., बी.कॉम. झालेल्या, शिकवण्यात रस नसलेल्या मुलींना शाळा आणि टेलिफोन खात्यापलीकडे हे तिसरं दार उघडलं. महाराष्ट्रात तर ‘बँकेत आहे’ हे लग्नाच्या बाजारात मुलीच्या बाजूने पडणारं वजनदार माप झालं. पगार ठरलेला, पाचनंतर घरी, कमी व्याजाने घरकर्ज. मुलीला बँकेत चिकटवणाऱ्या बापांपैकी तिने एक दिवस बँकेची अध्यक्ष व्हावं असं किती जणांच्या मनात होतं, ते सोडून द्या.

अर्थात दार उघडलं म्हणजे जिना मिळाला असं नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत तेव्हा अधिकाऱ्यांच्या सात श्रेण्या असत, स्केल वन ते स्केल सेव्हन. स्केल वन म्हणजे नवा अधिकारी आणि स्केल सेव्हन म्हणजे जनरल मॅनेजर. त्यावर कार्यकारी संचालक आणि मग प्रमुख. क्लार्क म्हणून लागलेल्यांना या जिन्याच्या पहिल्या पायरीवर यायलाच एक परीक्षा आणि एक मुलाखत द्यावी लागते. प्रत्येक पायरीवर ठरावीक वर्षं काढल्याशिवाय पुढच्या पायरीसाठी उभंच राहता येत नाही. आणि बढतीबरोबर, जवळजवळ नियमाने, बदली येते. काही पायऱ्यांआधी ग्रामीण किंवा निमशहरी शाखेत काढलेली वर्षंही मोजली जातात.

आता १९९० च्या आसपासची पुण्यातली, नाशिकमधली किंवा दादरमधली एखादी शाखा डोळ्यांसमोर आणा. हिशेबात पक्की, सीएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा पास झालेली, दिवसाची कॅश पहिल्या फटक्यात टॅली करणारी बाई. वय ३४. मोठा मुलगा चौथीत, धाकटी बालवाडीत. नवरा खासगी कंपनीत किंवा महापालिकेत, म्हणजे बदली न होणारा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण मुलं शाळेतून आली की दार उघडायला त्या घरात आहेत. शाखेत बढतीच्या परीक्षेचं सर्क्युलर येतं. मॅनेजर साहेब बोलावून म्हणतात, ‘‘मॅडम, या वेळी फॉर्म भरून टाका. तुमच्यासारखं काम या शाखेत दुसरं कोणी करत नाही.’’ मॅडम हसतात. ‘‘नको सर, मला प्रमोशन नको. उद्या गडचिरोलीला टाकलंत तर काय करू?’’ साहेबही हसतात, कारण त्यांनाही माहीत असतं की गडचिरोली नाही तर नंदुरबार, पण काहीतरी निघणारच.

हा संवाद मी इतक्या बँकवाल्यांच्या तोंडून ऐकला आहे की त्यातले तपशील तेवढे बदलतात. कोणी फॉर्मच भरत नसे. कोणी परीक्षा पास होऊन ऑर्डर हातात आल्यावर नकार कळवत असे. नकार दिला की पुढची काही वर्षं परीक्षेला बसता येत नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी होता, पण तो जाचक वाटायचं कारण नव्हतं; बसायचंच कोणाला होतं? घरात या निर्णयाला ‘त्याग’ म्हणत नसत, ‘समजूतदारपणा’ म्हणत. शेजारच्या टेबलावरचा, कामात तिच्याइतका पक्का नसलेला गृहस्थ फॉर्म भरायचा, जळगावला दोन वर्षं खोली घेऊन राहायचा, शनिवारच्या रात्रीच्या गाडीने घरी यायचा आणि अधिकारी होऊन परतायचा. त्याच्याही संसाराला त्रास होत होता, हे खरं. पण मागे मुलांना बघणारी बायको होती.

या नकाराची किंमत त्या दिवशी दिसत नाही. ती गणितात दिसते. साठाव्या वर्षी निवृत्ती, हे पक्कं. वरच्या जागांसाठी उमेदवार निवडताना त्याच्या नोकरीची निदान काही वर्षं शिल्लक असावी लागतात. म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्नपर्यंत माणूस शेवटच्या पायरीशी उभा हवा. बाविसाव्या वर्षी अधिकारी म्हणून लागून, एकही पायरी न चुकवता चढलेल्या माणसालाच हे जेमतेम जमतं. चौतिसाव्या वर्षी ‘या वेळी नको’ म्हटलं, चाळिसाव्या वर्षी मुलाची दहावी म्हणून पुन्हा ‘नको’ म्हटलं, की अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कितीही उत्साह आला तरी मोजणी संपलेली असते. शिखरावर बायका का नाहीत याची चर्चा संचालक मंडळाच्या सभागृहात होते, पण तिथे कोणाला नेमायचं नाही ते वीस वर्षं आधी, शाळेच्या प्रवेशाच्या मोसमात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी ठरून गेलेलं असतं.

अरुंधती भट्टाचार्य यांची कारकीर्द या गणितावर ठेवून बघा. जन्म १९५६ चा, बालपण भिलाई आणि बोकारो या पोलादनगरांतलं, शिक्षण इंग्रजी साहित्याचं. १९७७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून स्टेट बँकेत. क्लार्कपासूनची पायरी वाचली. पती आयआयटी खरगपूरमध्ये प्राध्यापक, म्हणजे त्यांची नोकरी एका जागी आणि हिची गावोगाव. न्यूयॉर्क झालं, लखनौ झालं, मुंबई झाली. बरीच वर्षं संसार दोन गावांत विभागलेला. लखनौला बदली झाली तेव्हा मुलीला शाळेत प्रवेश मिळेना आणि नोकरी सोडायचा विचार मनात पक्का होत आला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. एका वरिष्ठांनी थांबवलं, थोडी कळ काढायला सांगितलं. ७ ऑक्टोबर २०१३ ला त्या अध्यक्ष झाल्या तेव्हा नोकरीची छत्तीस वर्षं झाली होती आणि वय ५७. दोनशे वर्षांहून जुन्या वारशाच्या बँकेत पहिल्यांदा बाई त्या खोलीत बसली, याचा गाजावाजा झाला. मला त्यापेक्षा लखनौचा तो शाळाप्रवेश महत्त्वाचा वाटतो. तो वरिष्ठ त्या दिवशी रजेवर असता, तर?

पुढे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी बँकेतल्या बायकांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या विनावेतन दीर्घ रजेची सोय केली. मुलांचं शिक्षण, घरातलं आजारपण, वृद्ध आईवडील अशा कारणांसाठी ती घेता येते. ज्या वळणावर आपण स्वतः घसरता घसरता वाचलो, तिथे कठडा बांधावा, तसं हे.

शुभलक्ष्मी पानसे यांचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं. १९७६ मध्ये त्या पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रात अधिकारी म्हणून लागल्या. इथेही तेच: क्लार्क नव्हे, थेट अधिकारी. तीस वर्षांहून अधिक काळ त्याच बँकेत काढून त्या जनरल मॅनेजर झाल्या आणि मग खऱ्या अर्थाने घर सुटलं. २००९ मध्ये विजया बँकेच्या कार्यकारी संचालक म्हणून बंगळुरू, ऑक्टोबर २०१२ मध्ये अलाहाबाद बँकेच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक म्हणून कोलकाता. नावात अलाहाबाद असलं तरी तिचं मुख्यालय कोलकात्यात होतं. जानेवारी २०१४ अखेर निवृत्ती. म्हणजे सदतीस-अडतीस वर्षांच्या नोकरीत अध्यक्षपदाचे महिने भरले सोळा. सरकारी बँकेतली ही वाट इतकी लांब असते की माणूस माथ्यावर पोचतो तेव्हा उतरायची वेळ झालेली असते. हे पुरुषांनाही लागू आहे. पण ज्या वाटेवर इतकी कमी सवड आहे, तिथे दोन वर्षांचा उशीरही पुरतो, आणि तो उशीर बहुधा कोणाच्या वाट्याला येतो ते वर आलंच आहे.

आता आयसीआयसीआयकडे. तिथली गोष्ट वेगळी आहे आणि मला वाटतं ती नीट सांगितली गेलेली नाही. ललिता गुप्ते १९७१ मध्ये तिथे लागल्या, कल्पना मोरपारिया १९७५ मध्ये, शिखा शर्मा १९८० मध्ये, चंदा कोचर १९८४ मध्ये, माधवी पुरी बुच १९८९ मध्ये, विशाखा मुळ्ये १९९३ मध्ये. रेणुका रामनाथ, झरीन दारूवाला यांची नावंही याच माळेतली. एकाच संस्थेतून इतक्या बायका वर कशा आल्या, याचं श्रेय सहसा नारायणन वाघुल आणि के. व्ही. कामत या दोन प्रमुखांच्या उदार दृष्टीला दिलं जातं. ते योग्यच आहे. वाघुल १९८५ मध्ये प्रमुख झाले, कामत १९९६ मध्ये, आणि दोघांनीही बाई आहे म्हणून हलकं काम दिलं नाही.

पण नुसत्या उदार दृष्टीने एवढं होत नाही. १९५५ मध्ये स्थापन झालेली आयसीआयसीआय तेव्हा शाखांची बँक नव्हतीच. उद्योगांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी वित्तसंस्था होती. तिचं काम म्हणजे प्रकल्पाचे कागद तपासायचे, कारखाना बघून यायचा, यंत्रसामग्रीचा, बाजाराचा, परतफेडीचा अंदाज बांधायचा आणि टिपण लिहायचं. हे बहुतेक सगळं मुंबईत बॅकबे रेक्लमेशनवरच्या एका कचेरीत बसून व्हायचं. कार्यालयं मोजकी, म्हणून बदल्याही मोजक्या. जमनालाल बजाजमधून एमबीए झालेली मुलगी चर्चगेटला उतरून चालत कामावर जायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. तिचं लग्न झालं, मूल झालं, तिची बढती झाली, तरी पत्ता तोच. सरकारी बँकेतल्या तिच्या वयाच्या अधिकारी बाईला ज्या प्रश्नाने गाठलं, तो प्रश्न हिला वीस वर्षं कोणी विचारलाच नाही. बदली नसलेली, तरीही मोठ्या जोखमीचं काम देणारी नोकरी भारतात फार थोड्या ठिकाणी होती. आयसीआयसीआय त्यातली एक.

दुसरी गोष्ट कामाच्या जातीची. चंदा कोचर यांचा प्रवास पाहिला तर ते दिसतं. प्रशिक्षणार्थी म्हणून लागून प्रकल्प कर्जं, मग १९९३ च्या सुमाराला आयसीआयसीआय बँक उभी करणारा गट, मग पायाभूत उद्योग, मग बडे कर्जदार, २००० मध्ये एकदम रिटेल. गाडीसाठी, घरासाठी कर्ज देणं तेव्हा त्या संस्थेला नवखं होतं. काही वर्षांत ती या धंद्यात देशात पहिल्या रांगेत आली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय व्यवसाय, २००७ मध्ये वित्तप्रमुख, मे २००९ मध्ये सर्वोच्च पद. दर दोन-तीन वर्षांनी नवं खातं, आणि प्रत्येक खात्यात नफ्या-तोट्याचा आकडा तिच्या नावावर. असा आकडा नावावर असला की पुढची बढती नाकारायला वरिष्ठाला कारण शोधावं लागतं.

२००९ मध्ये खुर्ची एक आणि लायक बायका चार-पाच, असा प्रसंग उभा राहिला. जगात किती कंपन्यांवर ही वेळ आली असेल? कोचर निवडल्या गेल्या. शिखा शर्मा अ‍ॅक्सिसच्या प्रमुख म्हणून गेल्या. तिथल्या मावळत्या अध्यक्षांना बाहेरचा उमेदवार पसंत नव्हता, तरी मंडळाने त्यांनाच घेतलं. रेणुका रामनाथ यांनी स्वतःची गुंतवणूक कंपनी काढली. मोरपारिया २००८ मध्येच जेपी मॉर्गनकडे गेल्या होत्या. माधवी पुरी बुच काही वर्षांनी बाहेर पडल्या आणि मार्च २०२२ मध्ये सेबीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. झरीन दारूवाला २०१६ मध्ये स्टँडर्ड चार्टर्डच्या भारतातल्या प्रमुख झाल्या, तर विशाखा मुळ्ये २०२२ मध्ये आदित्य बिर्ला कॅपिटलच्या.

कोचर यांच्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओकॉनला दिलेल्या कर्जावरून प्रश्न उठले, ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी पद सोडलं, निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशीत त्यांनी बँकेची आचारसंहिता मोडल्याचा निष्कर्ष निघाला. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने अटक केली. ती अटक मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. तो विषय न्यायालयांचा. त्या काळात ‘बघा, बायकांच्या हाती बँक दिली की असं होतं’ असं कुजबुजणारी शहाणी माणसं मात्र भेटली. कोचर यांनी पद सोडल्यावर दोन वर्षांच्या आतच येस बँक बुडता बुडता वाचली, तेव्हा पुरुषांच्या हाती बँक देण्याविषयी हेच शहाणे काही बोलले नाहीत.

कामाची जात हा मुद्दा बँकेबाहेरही लागू पडतो. कंपनीत दोन तऱ्हेची खाती असतात: माल बनवणारी-विकणारी, आणि त्यांना मदत करणारी. मनुष्यबळ, कायदा, जनसंपर्क ही दुसऱ्या तऱ्हेची. बाईला ‘तुम्हाला माणसांची जाण आहे’ म्हणून हळूच या दुसऱ्या बाजूला बसवतात. खोली चांगली, पगार चांगला, फिरती कमी. आणि सर्वोच्च पदाकडे जाणारा रस्ता तिथून बहुधा नाहीच. हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये याची दोन्ही टोकं सापडतात. प्रिया नायर १९९५ मध्ये लागल्या, सिडनहॅम आणि पुण्याच्या सिम्बायोसिसमधून शिकून. सगळी कारकीर्द साबण, पावडरी, सौंदर्यप्रसाधनं विकण्यात; ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीच्या पहिल्या महिला प्रमुख. लीना नायर मात्र मनुष्यबळाच्या. कोल्हापूरच्या होली क्रॉसची मुलगी, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्स, मग जमशेदपूरचं एक्सएलआरआय, १९९२ मध्ये हिंदुस्थान लिव्हर. सुरुवातीची वर्षं कारखान्यांत काढली. तिथून युनिलिव्हरच्या जागतिक मनुष्यबळप्रमुख, आणि जानेवारी २०२२ मध्ये शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जागतिक प्रमुख. मनुष्यबळ खात्यातून थेट सर्वोच्च पद, तेही दुसऱ्या धंद्यात, हे इतकं दुर्मीळ की त्या नेमणुकीने जगभरचे जाणकार चकित झाले. कोल्हापूरकरांना अभिमान वाटणं साहजिक आहे, पण ‘लीना नायर झाल्या, मग कोणीही होईल’ हा निष्कर्ष काढू नये. अपवादाच्या मागे गर्दी जाऊ शकत नाही.

एक्सेटर विद्यापीठातले मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांनी २००५ मध्ये आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. ब्रिटनमधल्या बड्या कंपन्यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की कंपनी आधीच डबघाईला आलेली असताना बाईला वर आणण्याचं प्रमाण जास्त दिसतं. याला त्यांनी काचेचा कडा असं नाव दिलं. आपल्याकडे रंजना कुमार २००० मध्ये इंडियन बँकेच्या प्रमुख झाल्या. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेच्या त्या पहिल्या महिला प्रमुख. त्या बँकेने १९९५-९६ या एका वर्षात तेराशे कोटींहून अधिक तोटा दाखवला होता आणि ती बंद करावी अशी चर्चा उघड चालू होती. कड्यावरून त्या पडल्या नाहीत. २००१-०२ मध्ये बँक नफ्यात आली. नेमणूक मुद्दाम तशी झाली असं मी म्हणत नाही. पण बँक धडधाकट असती तर त्या खुर्चीसाठी किती पुरुषांनी दिल्लीत फेऱ्या मारल्या असत्या, याचा अंदाज बांधायला अभ्यासाची गरज नाही.

कायद्याने काय साधलं? २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या मंडळावर निदान एक महिला संचालक सक्तीची केली. मुदत जवळ आली तशी अनेक मालकांना आपल्या घरातल्या बायका-मुली एकाएकी संचालक होण्यास पात्र वाटू लागल्या. मग सेबीने मोठ्या कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावलं. मंडळावर बाई दिसू लागली हे खरं. पण मंडळावर तिमाहीतून एकदा येणं आणि रोज कंपनी चालवणं यांत फरक आहे. रोजच्या वाटेवर परिणाम करू शकेल असा आदेश ऑगस्ट २०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाकडून निघाला: सरकारी बँकांनी विवाहित महिला कर्मचाऱ्याला शक्यतो पतीच्या गावी आणि अविवाहितेला आईवडिलांच्या गावी नेमावं. अनेकींचं घर यामुळे टिकलं. पण त्या आदेशातला ‘शक्यतो’ हा शब्द बदली करणाऱ्या साहेबाच्या हातात राहिला, आणि ‘तुला जवळ ठेवलंय, मग मोठी शाखा मागू नकोस’ असा एक अलिखित सौदाही त्यातून जन्माला आला.

आणि घरात कोण होतं? वर गेलेल्या जवळजवळ प्रत्येकीच्या मागे दुसरी एक बाई असते. आई, सासू, किंवा दोन वेळच्या पोळ्या करून मुलांना आंघोळी घालणाऱ्या मावशी. या मावशींचा पगार कितीदा वाढला, त्यांना रजा किती, त्यांच्या मुलांना कोण सांभाळत होतं, हे यशोगाथांत सहसा येत नाही. काही बायकांनी मात्र दुसऱ्याच्या जिन्याची वाट पाहिली नाही: पुण्यात १९७४ मध्ये त्यांनी भगिनी निवेदिता सहकारी बँक काढली आणि साताऱ्याच्या म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक. जिना कोणी देत नसेल तर घरच नवं बांधायचं, ही वाटही आहे, आणि म्हसवडच्या बँकेत तर अशा मावशींसारख्याच बायका भागधारक आहेत.

राहिला प्रश्न २०१३ ची यादी ओसरण्याचा. त्या यादीतल्या सरकारी बँकांच्या प्रमुख बहुतेक १९७५ ते १९८५ च्या भरतीतल्या होत्या. तेव्हा पेरलेलं २०१० नंतर कापणीला आलं. पण नव्वदच्या दशकात सरकारी बँकांची भरती जवळजवळ थांबली. संगणक येत होते, माणसं जास्त झाली होती. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले. त्या दशकात मुलगेही लागले नाहीत आणि मुलीही. मात्र जे मोजके वर सरकले त्यांत बदल्या झेललेल्यांची, म्हणजे पुरुषांचीच, गर्दी उरली. रिझर्व्ह बँकेतही असाच खंड दिसतो. के. जे. उदेशी २००३ मध्ये पहिल्या महिला डेप्युटी गव्हर्नर झाल्या, मग श्यामला गोपीनाथ, मग १९७२ पासून तिथेच नोकरी केलेल्या उषा थोरात. थोरात २०१० मध्ये आणि गोपीनाथ २०११ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर थेट एप्रिल २०२५ मध्ये पूनम गुप्ता यांची नेमणूक झाली, आणि त्या अर्थशास्त्रज्ञ म्हणून बाहेरून आल्या. आधीच्या तिघी मात्र बँकेच्या जिन्यानेच चढल्या होत्या.

भरती पुन्हा सुरू झाली ती २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि २०११ पासून आयबीपीएसची सामाईक परीक्षा आली. पुण्यात शनिवार-नारायण पेठेतल्या क्लासेसमधून आणि लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांतून त्या परीक्षेला बसलेल्या मुली आज स्केल थ्री, स्केल फोरला आहेत. वय पस्तीस ते चाळीस. त्यांच्यातल्या अनेकींच्या पहिल्याच नेमणुका तामिळनाडूत, आसामात, उत्तर प्रदेशात झाल्या होत्या; आधीच्या पिढीला ज्या गडचिरोलीची धास्ती होती, तिथून यांची सुरुवातच झाली. नवरा बऱ्याचदा दुसऱ्या बँकेत अधिकारी, म्हणजे बदली दोघांची. सासू दुसऱ्या गावात. पाळणाघर आहे, पण ते सहाला बंद होतं आणि शाखेची मार्चअखेर रात्री अकराला संपते. यांच्यापैकी जनरल मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत कोण जातं, ते २०३५ च्या आसपास कळेल. तोवर दरवर्षी एप्रिल-मेमध्ये बढतीची यादी लागेल आणि तिच्याखाली नकार कळवायची मुदत छापलेली असेल.